नॉमिनी भाऊ आहे, मृत्युपत्रात नाव माझं आहे

पत्र:

ताई, माझे वडील चार महिन्यांपूर्वी गेले. आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. आई आहे. वडिलांनी सहा वर्षांपूर्वी साध्या कागदावर मृत्युपत्र केलं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, पण नोंदणी केलेली नाही. फ्लॅट आईच्या हयातीत आईकडे आणि तिच्यानंतर आम्हा तिघांना सारखा, बँकेतल्या ठेवी तिघांत सारख्या आणि गावची जमीन भावाला, असं त्यात लिहिलंय. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव आहे. पण ठेवींवर नॉमिनी भाऊ आहे आणि तो म्हणतो, ‘नॉमिनी मी, तेव्हा पैसे माझे.’ वडील गेल्यावर आठवड्याभरात त्याने त्यांच्या एटीएम कार्डाने ४५ हजार रुपये काढले. जमीन सातबाऱ्यावर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा १९९१ मध्ये गेले. आता भाऊ धाकटीला हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागलाय. वडिलांच्या एका मित्राचा निरोप आलाय की त्यांचे दीड लाख रुपये वडिलांकडे उसने होते. सोसायटीचे सेक्रेटरी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, आणा म्हणतात, भाऊ म्हणतो प्रोबेटचा कायदाच गेला. दोन्ही आत्या येऊन राहून गेल्या, त्यांनाही आमच्यातलं हे बघून रडू आलं. ताई, झोप उडाली आहे. हे सगळं सोडून द्यावंसं वाटतं. काय करू?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. सोडून देता येतं. एक्झिक्युटर म्हणून नाव घातलं म्हणून ते काम करायलाच पाहिजे अशी सक्ती कायदा करत नाही. मात्र ते सोडायचं असेल तर कामाला हात लावण्याआधी सोडायला हवं. ठेवी मोडून घेतल्या, लोकांची देणी दिली, घरातल्या वस्तू हलवल्या, की तुम्ही जबाबदारी स्वीकारली असा अर्थ निघतो. म्हणून आधी चार दिवस शांतपणे विचार करा. माझं मत विचाराल तर धरून ठेवा. तुमच्या वडिलांनी तिघांतून तुमचं नाव निवडलं, ते विचार करूनच निवडलं असणार. आणि तुम्ही बाजूला झालात तर आई आणि धाकटी, दोघी एकट्या पडतील.

पण हे काम काय आहे ते नीट समजून घ्या. एक्झिक्युटर म्हणजे मालक नाही आणि घरातला न्यायाधीशही नाही. वडिलांचं जे काही होतं ते गोळा करायचं, सांभाळायचं, त्यातून त्यांची देणी भागवायची, मग उरलेलं त्यांनी लिहिल्याप्रमाणे ज्याचं त्याला द्यायचं आणि पैन् पैचा हिशोब ठेवायचा. सगळी भांडणं हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात. यादी व्हायच्या आधीच वाटणीची भाषा सुरू होते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. भाऊ ठेवींचं बोलतोय, धाकटीला जमिनीचा कागद पुढे केलाय, पण वडिलांचं एकूण किती होतं आणि त्यावर देणं किती, हे आज तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही.

तेव्हा पहिलं काम यादीचं. मी हे माझ्या मावशीच्या वेळी केलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं सगळं एका रेक्झिनच्या बॅगेत होतं. पासबुकं, विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एकत्र. दोन दुपारी आम्ही तीन भाचरं सतरंजीवर बसून एकेक कागद सरळ करत होतो. एका जुन्या डायरीत, किराण्याच्या हिशोबाच्या पानांमध्ये, ठेवीची पावती निघाली. ती ठेव कुणालाच माहीत नव्हती. तिघांच्या डोळ्यांदेखत निघाली म्हणून त्यावर कधी कुणाची शंका आली नाही. तीच पावती मला एकटीला सापडली असती तर मी ती दाखवल्यावरही ‘आणखी काय काय सापडलं असेल’ हा प्रश्न कुणाच्या तरी मनात राहिला असता. म्हणून सांगते, वडिलांचं कपाट एकटीने उघडू नका. भावाला बोलवा, धाकटीला बोलवा, आईला शेजारी बसवा. एका वहीत लिहा: काय आहे, कुठे आहे, कुणाच्या नावाने आहे, नॉमिनी कोण आणि मूळ कागद कुणाजवळ आहे. शेवटी चौघांनी सही करा आणि प्रत्येकाला प्रत द्या. बँकेत लॉकर असेल तर तोही बँकेच्या अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर यादी करूनच उघडा.

विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. १० वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांमधले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण वारसांना ते मागता येतात. पोर्टलवर बँक आणि नाव घालून शोधता येतं. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा, जाल तिथे एक लागते. आणि मूळ मृत्युपत्र आहे त्याच अवस्थेत जपा. लॅमिनेशन करू नका, टाचणी मारू नका, त्यावर पेनाने साधी खूणही करू नका. एखादं नुसतं छिद्रही पुढे ‘इथे आणखी एक पान जोडलेलं होतं का?’ असा प्रश्न उभा करतं. हे मी कोर्टात घडताना पाहिलंय.

आता ते ४५ हजार. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचं नसतं. पिन माहीत आहे म्हणून अधिकार येत नाही. चूक झाली. पण चूक म्हटलं की चोरीच म्हणायला हवं असं नाही. त्या आठवड्यात हॉस्पिटलचं बिल, अंत्यविधीचा खर्च भावानेच केला असेल, तर कायद्याच्या दृष्टीनेही तो वडिलांच्या मालमत्तेवरचा खर्च आहे. आजारपणातला आणि अंत्यविधीचा वाजवी खर्च इतर सगळ्या देण्यांच्या आधी भागवायचा असतो. भावाला एवढंच म्हणा, ‘अरे, त्या पैशांच्या पावत्या असतील तर दे, वहीत खर्चाकडे लिहून टाकते. तुझ्या खिशातून गेले असतील तर तेही सांग, ते तुला परत मिळायला हवेत.’ एवढ्या एका वाक्याने घरातलं वातावरण बदलतं, कारण तुम्ही त्याला आरोपीच्या जागी न बसवता हिशोबात सोबत घेता. जे पैसे उरले असतील ते त्याच्या वाट्यातून आधीच मिळाले म्हणून धरा. वडील गेल्याचं बँकेला कळवलं नसेल तर उद्याच कळवा, म्हणजे कार्ड बंद होईल. पेन्शन येत असेल तर फार उशीर झालाय. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते, ती खर्च करू नका. आईला कुटुंब निवृत्तिवेतन लागू होत असेल तर त्याचा अर्ज वेगळा करायचा असतो.

ठेवींचं सांगते, कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथे बसली आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते नाव. बँक मोकळी व्हावी म्हणून केलेली ही सोय आहे. पैसे हातात आले म्हणजे ते त्याचे झाले असं नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांच्या वतीने तो ते सांभाळतो. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. तुमच्या वडिलांनी तिघांत सारखे असं लिहून ठेवलंय, तेव्हा ठेवी तिघांच्या. भावाला हे सांगताना आवाज चढवू नका. अर्ध्या महाराष्ट्राचा हाच समज आहे, तो काही वेगळं बोलत नाहीये.

पण व्यवहारातली एक गोष्ट लक्षात ठेवा. बँक पैसे भावालाच देणार, आणि ते बरोबरच आहे. बँकेशी भांडून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की मृत खातेदाराचा दावा कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचा, आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत हे लागू करायचं. त्यामुळे पैसे लवकर त्याच्या खात्यात येतील. तुमच्या हातात वेळ आहे तो त्याआधीचा. भावाशी बोलून लेखी घ्या: ठेवींची रक्कम येताच मृत्युपत्राप्रमाणे तीन भाग होतील. तो लिहून द्यायला तयारच नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्यावी लागेल आणि तरीही ऐकलं नाही तर रक्कम अडवण्यासाठी न्यायालयाचा मनाई आदेश मागावा लागेल. बँक आदेशाशिवाय थांबणार नाही. ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण रस्ता माहीत असू द्या.

आई नॉमिनी असलेली वडिलांची विम्याची पॉलिसी निघाली तर ती वेगळी ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असली तर त्यांना लाभार्थी मानायची तरतूद आली. ती किती ताणायची यावर न्यायालयांत एकमत नाही. पण आईला मिळणाऱ्या पैशांवर तुम्ही तिघं वाद घालणार नाही, एवढं गृहीत धरते.

प्रोबेटबद्दल सेक्रेटरी आणि भाऊ, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम २१३ होतं. त्यामुळे हिंदूंनी मुंबई, मद्रास या जुन्या शहरांच्या आणि जुन्या बंगाल प्रांताच्या हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या मिळकतीबद्दलच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. बाकी महाराष्ट्रात ती सक्ती नव्हतीच, पण मुंबईची पद्धत पाहून सगळीकडे ‘प्रोबेट आणा’ म्हणायची सवय लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. म्हणजे सक्ती गेली. प्रोबेट मात्र गेलेलं नाही, हवं असेल तर आजही घेता येतं.

मग घ्यावं का? मृत्युपत्र खरं आहे, वडिलांनीच शुद्धीवर केलं आहे, यावर न्यायालयाची मोहोर म्हणजे प्रोबेट. एकदा मिळालं की ‘सही बाबांची नव्हतीच’ असं पुढे कुणी सहजासहजी म्हणू शकत नाही. तुमच्याकडे आज मृत्युपत्र खोटं आहे असं कुणीच म्हणत नाहीये. भाऊसुद्धा जमिनीपुरता त्याच कागदाचा आधार घेतोय. त्यामुळे मी लगेच न्यायालयाकडे धावणार नाही. पण एक काम याच आठवड्यात करा. दोन्ही साक्षीदार कुठे आहेत, किती वयाचे आहेत, ते शोधा आणि त्यांना भेटा. नोंदणी नसली तरी मृत्युपत्र चालतं. साक्षीदारच त्याचा कणा असतात. वाद झाला तर दोघांपैकी किमान एकाला येऊन सांगावं लागतं की वडिलांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर केली. साक्षीदार थकलेले असतील किंवा भावाचा सूर बदलताना दिसला, तर प्रोबेटचा अर्ज करा. अर्जाला मूळ मृत्युपत्र, मिळकतीची यादी, वारसांची नावं आणि साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडतात. सगळ्या वारसांना नोटीस जाते, पेपरात जाहीर सूचना येते. हरकत आली नाही तर काही महिन्यांत काम होतं, आली तर त्याचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत यादी आणि वर्षाच्या आत हिशोब न्यायालयात द्यायचा असतो. तुम्ही प्रोबेट न घेताही हीच मुदत स्वतःला घालून घ्या.

सोसायटीला यासाठी अडून बसायचं कारण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांचा आपसातला करार यांच्या आधारे नाव लावता येतं, आणि तोवर नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेता येतं. तिघा भावंडांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र मृत्युपत्राच्या प्रतीसोबत लेखी अर्जाला जोडा आणि पोच घ्या. तोंडी बोलत राहिलात तर सेक्रेटरी तोंडीच उत्तरं देत राहतील. आईला फ्लॅट हयातीपुरता दिलाय, त्यामुळे त्या ओळीची नेमकी शब्दरचना वकिलाला वाचायला द्या. त्या एका शब्दावर पुढची विक्री अडू शकते.

वडिलांच्या मित्राच्या दीड लाखांबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण मला ते सर्वांत आधी वाटतं. देणी फिटल्याशिवाय वाटणी नाही. कधी दिले, कसे दिले, काही लेखी आहे का, वडिलांच्या पासबुकात तेवढी रक्कम दिसते का, हे त्यांना शांतपणे विचारा. उसनवारीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, त्यानंतर ते कोर्टातून वसूल करता येत नाही. आणि वडिलांचं कर्ज तुमच्या अंगावर येतं ते त्यांच्याकडून तुम्हाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच, तुमच्या पगारातून कुणी मागू शकत नाही. पण खरं देणं निघालं तर ठेवींचे तीन भाग करण्याआधी ते बाजूला काढा आणि पावती घ्या. वडिलांचं आयकर विवरणपत्रही याच खात्यात येतं. ते गेले त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारस म्हणून पोर्टलवर नाव नोंदवून भरावं लागतं. वारशाने मिळालेल्या मिळकतीवर आपल्याकडे कर नाही, जुनी एस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली.

आता जमीन. इथे तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: दोन्ही आत्या येऊन राहून गेल्या. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा १९९१ मध्ये गेले आणि त्यांना तुमच्या वडिलांशिवाय दोन मुली आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आजीही तेव्हा असतील तर त्यांचाही होता. म्हणजे ती सगळी जमीन तुमच्या वडिलांची कधी नव्हतीच. जी पूर्ण त्यांची नव्हती ती त्यांना मृत्युपत्राने पूर्ण भावाला देताही येत नव्हती. आपला हिस्सा तेवढा देता येतो. तो किती, हे ती जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली होती की त्यांच्याही आधीपासून वडिलोपार्जित होती, यावर ठरतं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर तुमचा आणि धाकटीचाही त्यात जन्मापासूनचा हक्क निघू शकतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना तो दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. प्रोबेट घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. प्रोबेट मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच सांगतं, मिळकत कुणाची होती ते सांगत नाही.

तुमच्या घरात कुणी मुद्दाम आत्यांना वगळलं असं मला वाटत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलींचं नाव कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि त्याही मागत नाहीत. तुमच्या आत्या इथे येऊन तुमच्यासाठी रडून गेल्या. त्या मागणार नाहीत म्हणूनच तुम्ही त्यांना सांगायला हवं. त्यांना हवा असेल तर हिस्सा घेतील, नको असेल तर स्वतःहून सोडतील. पण माहीत असताना सोडणं आणि कुणी सांगितलंच नाही म्हणून सुटणं यात फरक आहे.

रस्ता असा आहे. आधी आजोबांच्या मृत्यूची वारस नोंद, तीत तुमचे वडील आणि दोन्ही आत्या येतील. मग वडिलांच्या हिश्शापुरती पुढची नोंद. अर्ज तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर करता येतो. नोटीस निघते, हरकतींना मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं मात्र नाही, ती सरकारदरबारची सारावसुलीसाठीची नोंद आहे. तरीही आजोबांचं नाव उतरल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

धाकटीच्या हक्कसोडपत्राचं म्हणून सांगते, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून सहज मागे घेता येत नाही. तिचा हिस्सा किती हेच अजून ठरलेलं नसताना ती नक्की काय सोडतेय? भावाला जमीन मिळावी ही वडिलांची इच्छा होती आणि बहिणी म्हणून तुम्हाला ती पाळायची असेल, तर तेही जरूर करा. पण आजोबांच्या नावाचे जुने फेरफार आणि सातबारा उतारे तहसील कार्यालयातून काढा, तुम्ही दोघी मिळून ते तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, भावाच्या नाही, आणि त्याने हिस्सा सांगितल्यावर ठरवा. तोवर धाकटीने कशावरही सही करायची नाही, आईनेही नाही, अगदी ‘नुसती बँकेची औपचारिकता आहे’ असं सांगितलं तरी. कागद घरी आणायचा, रात्री सावकाश वाचायचा आणि सकाळी तुम्हाला फोन करायचा, एवढं दोघींना आजच सांगून ठेवा.